पंधरा भेल्या गूळ

१२ एप्रिल, शनिवार. अकोला, दवाखाना

ही वही संध्या मॅडमनं दिली. त्या इथल्या आहारतज्ज्ञ. प्रत्येक पानावर त्यांनी रकाने आखून दिलेत: वेळ, काय घेतलं, किती घेतलं, आणि घेण्याआधी मनात काय होतं. सकाळी सात, पाणी, तीस मिली. साडेसात, पाणी, तीस मिली. खोकल्याच्या बाटलीचं मोजायचं झाकण असते ना, तेवढं. तेही एका दमात नाही, घोट घोट. शेवटच्या रकान्यात माझं काही मावत नाही, म्हणून वही उलटी करून मागच्या बाजूनं लिहून राहिलो. मॅडमनं मागून उघडू नये, एवढंच.

बुधवारी ऑपरेशन झालं. पोटावर पाच भोकं आहेत. जठराची पिशवी उभी कापून केळ्याएवढी नळी ठेवली, बाकीची काढून टाकली. डॉक्टरनं काढलेला भाग बाबांना ट्रेमध्ये दाखवला. आमचं अमरावतीला फळांचं दुकान आहे. बाबा बराच वेळ पाहत राहिले अन् म्हणाले, "खरबुजाच्या सालीवाणी दिसते." नर्स हसली. बाबांना ती काहून हसली ते समजलं नाही.

वजन एकशे अठ्ठेचाळीस, उंची पाच फूट सात, वय तेवीस. साखर होती, झोपेत श्वास अडकत होता. ही कारणं फाईलमध्ये आहेत. खरं कारण फाईलमध्ये नाही. तिचं नाव वर्षाली.

२१ एप्रिल, सोमवार. अमरावती

घरी आलो. आई वरणाचं पाणी गाळून वाटीत आणते, मी अर्धा तास चमच्यानं पितो, ती समोर बसून पाहते. म्हटलं तू जेव. म्हणाली, "माहं झालं मघाशीच."

आता झोप येत नाही तर सगळं लिहून टाकतो.

मी सातव्या महिन्यात झालो. सव्वा किलो. काचेच्या पेटीत ठेवलं होतं, डॉक्टर म्हणे भरवसा धरू नका. तेव्हा आईनं तिच्या माहेरच्या उकंडबुवाला नवस बोलला. पोरगं जगलं तर लग्न होईस्तोवर दरवर्षी त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन. दर्यापूरच्या पुढं आहे गाव. माघी पौर्णिमेला यात्रा भरते. समाधीसमोरच्या कडुनिंबाला मोठा तराजू टांगतात, एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ. दहा किलोची एक भेली. पहिल्या वर्षी सगळा मिळून साडेसात किलो लागला होता. आईला दरवर्षीचा आकडा पाठ आहे, पोरांना पाढे असतात तसा. आकडा वाढला की तिचं तोंड उजळते. लहान होतो तोवर मलाही मजा यायची, गाव मला 'गुळाचा शेखर' म्हणायचं, बाया गालाला हात लावायच्या. शंभरच्या वर गेलो तसे लोक मला नाही, तराजूच्या दोराला पाहायला लागले.

तराजू धरतात पुंजाजी. त्यांचा झेंडूचा मळा आहे, समाधीजवळ हारांचं दुकान लावतात. वजन झालं की ओरडून आकडा सांगायचा मान त्यांचा. वर्षाली त्यांचीच पोरगी. मी पारड्यात बसतो तेव्हा ती दहा पावलांवर हार ओवत असते. म्हणजे माझ्या वजनाचा साल-दर-सालचा सगळा इतिहास तिच्यासमोर झालेला. आता ती अकोल्याला नर्सिंग शिकून राहिली.

यंदाच्या यात्रेत पंधरा भेल्या मांडल्या होत्या. मी पारड्यात बसलो अन् मागून कोणीतरी ओरडलं, "दोर पाहा रे, तुटते!" मी उतरलो अन् त्याची कॉलर धरली. चार जणांनी सोडवलं. असो, त्याचा इथं काही संबंध नाही. त्यानंतर तासाभरानं मी वर्षालीला हारांच्या दुकानामागं गाठलं अन् विचारलं, माह्यासंग लगन करशीन का. ती घाबरल्यासारखी माझ्या हाताकडं पाहत होती. हाताला खरचटलं होतं. मग म्हणाली, "शेखर, तू मले झेपत नाईस."

एवढंच. झेपत नाईस.

बरोबरच आहे. पंधरा भेल्यांचा माणूस कोणाला झेपणार? पुढच्या यात्रेत मी दोन आकडी वजन घेऊन त्या पारड्यात बसीन. मग विचारीन.

८ मे, गुरुवार

१३५. पातळ खिचडी, चार चमचे. पाचवा घेतला अन् छातीत गोटा अडकल्यासारखं झालं, सगळं बाहेर.

३० मे, शुक्रवार

आजपासून दुकानात. वजन १२८. तेरा दिवसांत आकडा जागचा हलला नव्हता, आज हलला. गिऱ्हाईक मला पाहून एकच शब्द बोलते: "वाळला." काहून रे वाळला? काय वाळला बाप्पा! तब्येत बरी नाई का? मिरची वाळते, कपडे वाळतात. एवढा त्रास काढला तो वाळला म्हणवून घ्यायला का? एका बाईनं आईलाच विचारलं, "टीबी-गिबी तर नाई ना?" आईनं घरी येऊन मीठ ओवाळून टाकलं.

ऑपरेशनचं बाहेर कोणाला सांगितलेलं नाही. पोटात गाठ होती म्हणून सांगतो.

१४ जून, शनिवार

आज भांडण. एक गिऱ्हाईक प्रत्येक आंबा अंगठ्यानं दाबून पाहून राहिलं होतं. वीस आंबे दाबले अन् म्हणते, "नरम आहेत." म्हटलं, तूच केले ना बे नरम! तो काही बोलला, मी फळं मांडायच्या फळीच्या या बाजूनं त्या बाजूला गेलो. पहिल्यांदाच एका उडीत गेलो, हे नंतर लक्षात आलं. बाबांनी मधे हात घातला. गिऱ्हाईक गेलं. बाबांनी दबलेले आंबे वेगळे काढून रसवंतीवाल्याला दिले.

पण आज एक वेगळंच झालं. आधी असं काही झालं की मी समोरच्या टपरीवर जायचो. आलुबोंडे, एका मागं एक, सात-आठ. खाईस्तोवर डोकं थंड व्हायचं. कॉलेज सोडलं त्या दिवशीही तेच केलं होतं. धर्मेंद्र नावाचा पोट्टा होता वर्गात, माझ्या बाकाला त्यानं खडूनं 'दोन सीट' लिहिलं. मी त्याचा दात हलवला. प्रिन्सिपल म्हणाले माफी लिहून दे, प्रकरण मिटवतो. मी कागद फाडून दुसऱ्या वर्षातून चालत निघालो ते थेट टपरीवर. तर आज पाय आपोआप तिकडं गेले. बोंडा हातात घेतला, एक घास चावला. गिळवलाच नाही. गळ्याखाली उतरायला जागाच नाही असं वाटलं. दुकानाच्या मागं क्रेटवर बसून राहिलो. बाजूच्या क्रेटच्या पट्ट्या उपटत होतो. तासभर उपटल्या. एवढा राग माझ्यात असतो हे मला माहीत नव्हतं, तो इतक्या वर्षांत कधी पुरा पाहायलाच मिळाला नाही.

रकान्यात लिहिलं: राग. घेतलं: काही नाही.

२० जुलै, रविवार

११६. केस गळून राहिले. कंगव्यात झुपका येते. मॅडम म्हणाल्या होत्या असं होईल, प्रोटीन वाढव. पोटाची कातडी लोंबते, रिकाम्या पोत्यासारखी. पण साखरेची गोळी बंद झाली. अन् आई म्हणते मी आता घोरत नाही, म्हणून तिला झोप लागत नाही. दोनदा उठून माझ्या नाकाजवळ हात धरून पाहते.

वर्षालीनं स्टेटसला फोटो टाकला, पांढऱ्या ड्रेसमध्ये. अठ्ठावीस वेळा पाहिला. टाकणाऱ्याला समजते कोणी पाहिलं ते, पण किती वेळा ते समजत नाही बहुतेक. माझा फोटो मी काढून टाकलाय. यात्रेलाच दिसायचं तिला, एकदम.

११ ऑगस्ट, सोमवार

अर्धी भाकर खाल्ली आज! आधी प्रोटीन, मग भाकर, असा नियम. अंडं, मग भाकर, एकेक घास वीस वेळा चावून. चाळीस मिनिटं लागली. आईनं तिच्या ताटातली अर्धी भाकर मला दिली अन् उरलेली अर्धी गाईला टाकून आली. म्हटलं तुले काहून नाही? म्हणाली, "मी बनवता बनवताच खाऊन घेतो."

९ सप्टेंबर, मंगळवार. अकोला ते अमरावती, गाडीत

मांडीवर वही धरून लिहून राहिलो. गाडी मूर्तिजापूरला उभी आहे. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

तपासणी चांगली झाली. १०६. मॅडम खूश. बाहेर पडलो, गाडीला दीड तास होता, तर तिच्या नर्सिंग कॉलेजकडं गेलो. नुसतं लांबून पाहायचं होतं, खरंच. फाटकाशी उसाच्या रसाचं दुकान आहे. ती तिथं उभी होती. मोटरसायकलवर एक पोट्टा. तिनं त्याच्या खिशाला पेन लावला. लावला म्हणजे लावलाच, आपल्या हातानं. तो हसला.

मग मी तिथं कसा पोचलो ते सांगता येत नाही. गाडीची किल्ली काढून घेतली अन् त्याची कॉलर माझ्या हातात होती.

"शेखर?" ती म्हणाली.

मी सुटलोच. "ओळखलं ना? ओळखलं का नाई? सांग, ओळखलं ना!"

"चेहऱ्यावरून कुठी ओळखलं! मी तर म्हनलं कोनता गुंड आला. कॉलर धरली तवा ओळखलं." मग माझ्या मनगटावर मारलं. "सोड त्याले. प्रीतम हाय तो, माह्या कॉलेजातला. पेन न्याले आला होता, त्याचा पेपर हाय दुपारी. किल्ली दे त्याची."

किल्ली दिली. प्रीतम माझ्याकडं असा पाहत गेला, जसं रस्त्यावरच्या कुत्र्याकडं पाहत जातात, नजर न हटवता.

तिनं मला रसाच्या दुकानातल्या बाकावर बसवलं. माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. नखं पाहिली. "काय झालं तुले? खरं सांग. सिकलसेल? कावीळ? शुगर वाढली का?" मला एवढं बरं वाटलं! म्हटलं, काही नाही झालं, ऑपरेशन केलं. शर्ट वर करून भोकं दाखवली. सांगितलं, तूच म्हटलं होतं ना झेपत नाई म्हणून. आता पाहा. यात्रेपर्यंत नव्वद करतो.

रसवाल्यानं दोन गिलास आणून ठेवले, मी म्हटलं मला चालत नाही, तिनं तिचाही घेतला नाही.

"म्हनून पोट कापलं?" ती म्हणाली. "माह्या एका बोलन्यावर?"

"मंग!"

"अरे भैताडा," ती म्हणाली, अन् तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, "मी वजनाचं नोतं म्हनलं रे. वजन तर मी लहानपनापासून पायतो तुहं. तू त्या पोराले मारून आला होता. तुह्या हाताले रक्त होतं. तसाच आला अन् म्हने लगन कर. मी म्हनलं हा मले झेपत नाई. तुहा राग झेपत नाई, शेखर. उद्या भाजीत मीठ कमी झालं तर माही कॉलर धरशीन."

"मी तुले कायले मारीन?"

"आता प्रीतमले कायले धरलं?"

उत्तर नसलं की मला जे होते ते झालं. समोरचा गिलास मी भिंतीवर मारला. रस उडाला, काच उडाली, रसवाला ओरडला. ती उठली, आपली ओढणी झटकली, रसवाल्याला म्हणाली, "दादा, झाडू द्या." तिनं काच झाडली. मी उभा. झाडताना एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मग गेली.

गाडी हलली.

पोट परत लावता येत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं द्यायला कोणाकडं गेलो नाही. तिला 'म्हणजे काय', एवढं जरी त्या दिवशी विचारलं असतं! दोन शब्द. म्हणजे काय. मी कधीच कोणाला विचारलं नाही. धर्मेंद्रलाही नाही. 'दोन सीट' त्यानंच लिहिलं होतं कशावरून?

२५ ऑक्टोबर, शनिवार

१०९. तीन किलो वाढलं. दिवाळीत मला एक युक्ती सापडली. भाकर अडकते, पण आइस्क्रीम अडकत नाही. लस्सी नाही अडकत. बासुंदी तर सरळ उतरते. दिवसभर थोडं थोडं. वही कोरी ठेवली. काय लिहायचं? कोणासाठी लिहायचं?

आईनं बासुंदी केली होती ती माझ्यासाठीच. पातेलं घासून तिनं मला दिलं. मी खातो ते पाहून तिला एवढा आनंद होते की स्वतः घ्यायचंच विसरते. ब्लाउजला टाचण्या लावून फिरते, म्हणते शिंप्यानं ढगळे शिवले.

१२ नोव्हेंबर, बुधवार. अकोला

मॅडमनं काट्यावर उभं केलं. आकडा पाहिला, वही पाहिली, अन् वही उलटी केली. मी हात पुढं केला तोवर त्यांनी पहिलं पान वाचलं होतं. मग विचारलं, "पुढं वाचू का?" कोणी मला इतक्या नीट कधी विचारलं नसेल. वाचा म्हटलं.

त्या वाचत होत्या तेव्हा मी भिंतीवरचं डाळीचं चित्र पाहत बसलो. रसाच्या गिलासपर्यंत आल्या अन् चष्मा काढला. मला वाटलं रागावतील.

"शेखर, ती म्हणाली तो शब्द तू चुकीचा ऐकला. बरोबर?"

"हो."

"पण साखर गेली ती खरीच गेली ना? श्वास अडकायचा तो थांबला ना?"

"हो."

"मग ते ऑपरेशन तिच्यासाठी केलं की कोणासाठी, याचा हिशोब पोटाला माहीत नाही. पोट तुझं होतं, तुझंच कापलं गेलं, अन् उरलं तेही तुझंच आहे. आता ते बासुंदीनं भरायचं की काय करायचं ते ठरव. आणि एक सांगू? आम्ही भूक कापू शकतो. राग कापायचं मशीन इथं नाही."

त्यांनी एका समुपदेशकाचा नंबर दिला, अमरावतीतच बसतात ते. मी म्हटलं, मी काही म्याट नाही. त्या म्हणाल्या, "म्याट माणूस इतकं सरळ लिहीत नाही. म्हणून तर पाठवते."

रसवाल्याकडं गेलो. फोडलेल्या गिलासाचे पैसे द्यायला म्हणून उभा राहिलो तर तो दोन पावलं मागं सरकला. माणूस मला पाहून मागं सरकते. एकशे अठ्ठेचाळीस होतो तेव्हाही सरकायचे. मला वाटायचं जागा देऊन राहिले.

३ डिसेंबर, बुधवार

चौथी भेट झाली त्या समुपदेशक सरांकडं. ते काही सांगतच नाहीत, नुसतं विचारतात. आज विचारलं, राग येण्याच्या आधी अंगात काय होते? म्हटलं काही नाही, एकदम येते. म्हणाले पाहा पुढच्या वेळी. संध्याकाळी एक रिक्षावाला दुकानाच्या फळीला घासून गेला, तेव्हा पाहिलं. कान गरम होतात. आधी कान, मग हात. मधे थोडासा वेळ असते. लहानच, पण असते.

आज वर्षालीला मेसेज टाकला. "प्रीतमले सांग, माहं चुकलं." बाकी काही नाही लिहिलं. दोन तासांनी एक अंगठा आला. अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा ते मी ठरवलं नाही.

वजन १००.

१८ जानेवारी, रविवार

९३. यात्रा पंधरा दिवसांवर. आईनं गूळवाल्याला सांगून ठेवलं: पंधरा भेल्या.

म्हटलं, "पंधरा कायले? मी नऊचा हाय आता."

ती गहू निवडत होती. मान वर केली नाही. "गेल्या साली पंधरा होत्या."

"गेल्या साली मी पंधराचा होतो!"

"बुवाले दरसाली वाढतंच देलं मी. सव्वा किलोचं लेकरू घेऊन गेलो होतो त्याच्यापाशी. त्यानं वाढवलं, मी देलं. अन् आता काय सांगू त्याले? तू देलेलं आमी कापून फेकलं?"

माझे कान गरम झाले. मधला वेळ मला दिसला, अगदी स्पष्ट दिसला, अन् तरी मी ओरडलो. काय काय बोललो. तुझ्या गुळानंच मला फुगवलं, असंही बोललो. ती घाबरली असती तर मला सवयीचं वाटलं असतं. ती घाबरली नाही. सूप खाली ठेवून म्हणाली, "बाबू, पेटीच्या काचातून मी तुले एकवीस दिवस पायलं. तवा तुही छाती उंदराच्या पिल्लावाणी हालत होती. तू वाळला ना, की मले तेच दिसते."

मी बाहेर जाऊन बसलो. रात्री जेवताना माफ कर म्हटलं. आयुष्यातली दुसरी माफी. तिसरी अजून मागायची आहे, धर्मेंद्रचा नंबर शोधून राहिलो.

१ फेब्रुवारी, रविवार. आजोळ

सकाळी चालत गेलो समाधीपर्यंत. मागच्या वर्षी बैलगाडीत नेलं होतं. बाया म्हणाल्या, वाळला गा सत्यवतीचा पोरगा. कान तापले नाहीत. हो, वाळलो, म्हटलं.

पंधरा भेल्या आल्याच. पुंजाजी तराजूजवळ उभे. हारांच्या दुकानात वर्षाली, झेंडूच्या ढिगामागं. पाहिलं तिनं. मी पारड्यात बसलो. भेल्या चढायला लागल्या. नऊ झाल्या, वर थोडा फोडलेला गूळ, अन् काटा सरळ. पुंजाजींनी आकडा पुकारला, "एक्यान्नव!" मला वाटायचं ही आरोळी ऐकून आभाळ खाली येईल, तसं काही झालं नाही. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "यंदा गूळ कमी भेटीन."

तेवढ्यात आई पुढं आली. "पुंजाभाऊ, बाकीच्या बी चढवा."

"सत्याबाई, जेवढं पोरगं तेवढा गूळ. नेम हाय."

"मंग पोरगं वाढवतो," आई म्हणाली. चपला काढल्या, पदर खोचला अन् माझ्या पारड्यात येऊन बसली. माझ्या बाजूला, मांडी घालून. पारडं हिंदकळलं, तिनं माझा दंड धरला.

लोक जे हसले! पोट्टे शिट्ट्या मारायला लागले. मागून एक जण ओरडला, "बुढीचं बी लगन लावून टाका बे आता!" कान तापले. आवाज कुठून आला तेही दिसलं, पिवळा शर्ट. माझा पाय पारड्याच्या बाहेर गेला.

"हालू नोको," आई म्हणाली. "मी पडीन."

मी उतरलो असतो तर पारडं एका झटक्यात वर गेलं असतं अन् ती दगडावर. मी पाय आत घेतला. बसून राहिलो. शिट्ट्या चालू होत्या. पिवळा शर्ट अजून काहीतरी बोलला. माझे हात आईच्या हाताखाली दाबून धरले. कधी लोकांच्या हसण्यात इतका वेळ बसलो नव्हतो. बसल्यावर समजलं की हसणं एका जागी राहत नाही. थोड्या वेळानं ते दुसरीकडं गेलं, कोणाचा तरी फुगा सुटला होता.

पुंजाजी भेल्या चढवत होते. दहा, अकरा, बारा, तेरा. वर पाच किलोचा तुकडा. काटा सरळ. दीड भेली खालीच राहिली. "एकशे पस्तीस!" पुंजाजी ओरडले.

एकशे पस्तीस वजा एक्क्याण्णव. मी दोनदा केली वजाबाकी. चव्वेचाळीस.

गेल्या एप्रिलात दवाखान्यातल्या काट्यावर आई गमतीनं उभी राहिली होती. अठ्ठावन्न होती.

माझ्या दंडावरचा तिचा हात पाहिला. बांगडी कोपरापर्यंत गेली होती. दहा महिने ही बाई माझ्यासमोर बसून मघाशीच जेवत होती. मी माझा प्रत्येक चमचा वहीत लिहिला. तिचा एकही नाही.

खाली उतरवून तिला कडुनिंबाच्या पारावर बसवलं. वर्षाली कधी जवळ आली कळलं नाही. झेंडूचे हात ओढणीला पुसले, आईची पापणी खाली ओढली, मनगट धरलं. "मावशी, तुमी जेवता का वो?"

"जेवतो ना."

"काय जेवता?"

आई माझ्याकडं पाहून हसली, चोरी पकडल्यासारखी. "याच्या पोटात काई जात नाई. मले गिळन जमत नाई बाई."

वर्षाली उठली अन् मला म्हणाली, "उद्याच्या उद्या रक्त तपासून घे मावशीचं. अन् मले सांग." मग हळू आवाजात, "पिवळा शर्ट मले बी दिसला होता."

५ फेब्रुवारी, गुरुवार. अमरावती

आईचं रक्त आठ आलं. बाकी सगळं ठीक. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, खाऊ घाला, एवढंच औषध.

खाऊ घालणं म्हणजे काय काम आहे ते आता समजून राहिलं. मला एका वाटीला चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ ती समोर बसते अन् तेवढ्यात तिनं दोन भाकरी संपवायच्या, असा नियम केला. पहिल्या दिवशी भांडली. काल म्हणाली, "पोलिसावाणी कायले पायतं? तोंड तिकडं कर." बाबा चुपचाप तिच्या ताटात वरून तूप सोडतात. आज पावणेदोन भाकरी, अन् भरल्या वांग्याची भाजी दोनदा.

वर्षालीचा फोन रोज सातला येते. पावणेदोन ऐकून म्हणाली, "उद्या दोन पायजेत." मग परीक्षेचं बोलली, प्रीतमला चांगले मार्क मिळाले म्हणे. मी म्हटलं बरं झालं. खरंच बरं वाटलं होतं, म्हणून म्हटलं.

"शेखर, मी फोन करून राहिलो म्हनून गैरसमज करून घेऊ नोको. मी काई हो म्हनलं नाई."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे?"

"म्हणजे मी इचारलंच कुठी?"

ती हसली असेल, नसेलही. मी अंदाज केला नाही. विचारणार तर आहे. पण उत्तर पूर्ण ऐकून घेता येईल, मग ते कोणतंही असो, तेव्हा. अजून तेवढं जमत नाही.

तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही. मग ती म्हणाली, "आवाज कायचा येते?"

"आई तिच्यासाठी भाकर थापून राहिली," म्हटलं. "तिसरी."